बोल्ट हट्टी नसतो!

सर्वात आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यात माझा अजूनही घोळ होतो. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी "काहीतरी लिही ना" म्हटल्यावर मी तीन दिवस त्यांना चुकवत हॉस्टेलच्या मागच्या जिन्याने ये-जा केली. चौथ्या दिवशी मेसच्या रांगेत पकडली गेले. म्हटलं, ठीक आहे, पण पावसावर कविता मागू नका (त्या या अंकात भरपूर असतीलच!). मी लिहिणार एका बोल्टवर. आणि तो कापायच्या ब्लेडवर.

हसू नका. या बोल्टपायी एका मुलाचा डोळा जाता जाता राहिला, आणि चूक माझी होती.

माझं घर कार्ल्याला. एकवीरा आईच्या दर्शनाला किंवा लेणी बघायला तुमच्यापैकी बरेच जण येऊन गेले असतील. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते ते आमचं गाव. फाट्याजवळ, जुन्या मुंबई-पुणे हायवेला लागून एक छोटं गॅरेज आहे. एक मिस्त्रीकाका आणि त्यांच्या हाताखाली एक हेल्पर. हेल्पर माझ्याच वयाचा, वीस वर्षांचा. मी थर्ड इयर मेकॅनिकलला, तो दहावीनंतर थेट गाडीखाली. तो मला 'ताई' म्हणतो, मी त्याला 'दादा'. दोघांपैकी मोठं कोण हे आम्ही अजून ठरवलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या गाडीचा पुढचा लोअर आर्म बदलायला टाकला. खड्ड्यातून जाताना 'खड् खड्' आवाज, म्हणजे बुश गेलेला. काम तासाभराचं. पण आर्मचा आतला बोल्ट काही केल्या निघेना. नट सुटला, बोल्ट मात्र जागचा हलेना. पान्यावर पाइप चढवून जोर लावला की बोल्ट थोडा फिरायचा आणि सोडला की परत पहिल्या जागी! जणू रबराचाच.

तो खरंच रबरामुळेच परत येत होता. बुशची रचना डोळ्यांपुढे आणा. बाहेर धातूचं कडं, मध्ये रबर, आत पोलादी नळी, आणि त्या नळीतून आरपार गेलेला बोल्ट. नळी आणि बोल्ट यांच्यात केसाएवढी फट. त्या फटीत पाणी शिरतं आणि सहजी बाहेर येत नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. घाटमाथ्यापासून पूर्वेला आलं की तो झपाट्याने कमी होतो, पण कार्ल्यालाही चार महिने गाडीचं पोट ओलंच. त्यात मुंबईहून येणाऱ्या गाड्या समुद्राची खारी हवा खाऊन आलेल्या. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणजे ती केसाएवढी फट गंजाने ठासून भरते, आणि बोल्ट नि नळी एकजीव होतात. मग तुम्ही बोल्ट फिरवता तेव्हा नळीही फिरते, रबर पिळतं आणि सोडलं की उलगडतं. अशा वेळी जोर वाढवून उपयोग नाही. बोल्ट कापायलाच हवा.

काकांनी नेहमीचे उपाय केले. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी घण. मग गॅसकटर. मी घाबरले, कारण आर्मपासून वीतभर अंतरावर ब्रेकचा रबरी पाइप होता. बुशच्या रबराने पेट घेतला, काळा धूर निघाला, विझवला. "असंच असतं बाळा," काका म्हणाले. ते काम तिथेच थांबलं.

आणि इथे इंजिनिअरबाई पुढे सरसावल्या! आपल्या कॉलेजच्या गाडी बनवणाऱ्या टीमकडे बॅटरीवरची रेसिप्रोकेटिंग सॉ आहे. करवतीसारखं पातं पुढे-मागे वेगाने चालवणारं मशीन. १९५१ साली अमेरिकेत मिलवॉकी कंपनीने 'सॉझॉल' या नावाने ते बाजारात आणलं, म्हणजे नवीन काही नाही. फक्त आपल्याकडच्या छोट्या गॅरेजमध्ये ते अजून फारसं दिसत नाही. मी रजिस्टरमध्ये सही करून ते घरी आणलं. सोबत डब्यात होती ती ब्लेड. डब्यात काय होतं, ते मी बघितलंच नाही. ब्लेड ते ब्लेड, नाही का?

मशीन मी धरलं. दादा टॉर्च घेऊन शेजारी. मी ट्रिगर पूर्ण दाबला. ब्लेड बोल्टवर आपटलं, मशीनने जोरात हिसका दिला, आणि दादा एकदम मागे सरकून डोळा धरून बसला. ब्लेडचा एक दात तुटून उडाला होता. गॉगल माझ्या डोळ्यांवर होता, त्याच्या नव्हता. एकच होता ना!

डॉक्टरांनी डोळ्यातून बारीक तुकडा काढला. बुबुळाला खरचटलं होतं, पण नजर वाचली. आठवड्याने दादा परत कामावर आला. मी माफी मागितली, तर त्याने ते मोडकं ब्लेड हातात घेतलं, उजेडात धरून पाहिलं आणि मला विचारलं, "ताई, तुम्हाला कॉलेजात दात मोजायला शिकवत नाहीत का?"

शिकवतात रे दादा. फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये शिकवतात. "हॅक्सॉ ब्लेडचे कमीत कमी तीन दात कामावर टेकलेले असावेत" हे मी जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलंय, त्याला दोन मार्कही मिळालेत. व्हायव्हाला सांगितलंय. फक्त गाडीखाली आडवी झाले तेव्हा ते आठवलं नाही, एवढंच!

मग मी हॉस्टेलवर येऊन बसले आणि तेच गणित केलं. ते इथे देते, कारण ते फार सोपं आहे आणि म्हणूनच आपण ते करत नाही.

ब्लेडच्या एका इंचात किती दात, त्याला टीपीआय म्हणतात. माझं ब्लेड ६ टीपीआयचं होतं, खिळ्यांसकट लाकूड कापायचं. म्हणजे दोन दातांमधलं अंतर २५.४ भागिले ६, साधारण ४.२ मिलिमीटर. बोल्ट १२ मिलिमीटर व्यासाचा. वरवर बघता १२ मिलिमीटरमध्ये जवळपास तीन दात बसतात, म्हणजे नियम पाळला गेला. पण बोल्ट गोल आहे! ब्लेड आधी त्याच्या पाठीला टेकतं. एक मिलिमीटर खोल गेल्यावरसुद्धा कापाची लांबी फक्त ६.६ मिलिमीटर असते (जीवेचं सूत्र आठवा). त्यात माझे जेमतेम दीड दात. म्हणजे सगळा भार एकाच दातावर, आणि मी ट्रिगर पूर्ण दाबलेला. दात तुटणार नाही तर काय होणार?

आता १४ टीपीआयचं ब्लेड घ्या. दातांतलं अंतर १.८ मिलिमीटर. त्याच एक मिलिमीटर खोलीवर तीनहून अधिक दात लागतात आणि मध्यावर सहा-सात. मग आणखी बारीक का नको, २४ टीपीआय? कारण दोन दातांमधल्या खाचेत कापलेला चुरा मावायला हवा. १२ मिलिमीटरच्या भरीव पोलादात २४ टीपीआयचे अकरा-बारा दात एकदम लागतात, खाचा भरून जातात, आणि ब्लेड कापायचं सोडून नुसतं घासत राहतं. २४ टीपीआय पातळ पत्र्याला आणि सायलेन्सरच्या पाइपला ठीक.

दातांच्या संख्येनंतर दात कशाचा, ते बघायचं. आर्मचे बोल्ट साधे नसतात. डोक्यावर बहुतेक वेळा १०.९ लिहिलेलं असतं. पहिला आकडा १० म्हणजे ताणशक्ती १००० मेगापास्कल, आणि .९ म्हणजे त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, म्हणजे ९०० मेगापास्कलपर्यंत, तो कायमचा ताणला जात नाही. कडकपणा रॉकवेल सी स्केलवर ३२ ते ३९. साध्या कार्बन स्टीलचं लाकडाचं ब्लेड इथे काही कामाचं नाही. बायमेटल ब्लेडमध्ये पाठ लवचिक स्प्रिंग स्टीलची आणि दातांची पट्टी हायस्पीड स्टीलची असते, कडकपणा साधारण ६५. म्हणजे बोल्टपेक्षा दात पुष्कळ कडक. मग तरीही बायमेटल ब्लेड अर्ध्या मिनिटात गुळगुळीत का होतं?

याचं उत्तर वेगात आहे. २८ मिलिमीटरचा स्ट्रोक, मिनिटाला २८०० फेऱ्या, जाऊन-येऊन धरलं तर दात मिनिटाला १५७ मीटर धावतो! आपल्या पुस्तकातल्या टेबलमध्ये अशा कडक अलॉय स्टीलसाठी हायस्पीड स्टीलला मिनिटाला १५-२० मीटर देतात. दात तापतो, मऊ पडतो, घासतो, घासल्यामुळे आणखी तापतो. खेळ खलास. म्हणून बायमेटल वापरायचं तर ट्रिगर हलका, वेग एक तृतीयांशावर, कापाच्या जागी तेलाचे थेंब, आणि दाब मात्र पुरेसा. कमी वेग आणि भक्कम दाब! आपण नेमकं उलटं करतो.

कार्बाइडच्या दातांचं ब्लेड लाल होईपर्यंत तापलं तरी कडक राहतं. म्हणून भरीव, कडक बोल्टसाठी ते उत्तम. ते बहुधा ८ टीपीआयचं मिळतं. दातांतलं अंतर ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन दातांसाठी साडेनऊ मिलिमीटर जाडी हवी. १२ किंवा १४ च्या बोल्टला चालेल, ८ च्या बोल्टला नाही. पण कार्बाइड ठिसूळ असतं. ब्लेड आपटत राहिलं तर दात उडतो. म्हणून मशीनच्या पुढचा पाय, ज्याला 'शू' म्हणतात, तो कामाला घट्ट टेकवायचा, आणि पहिला मिलिमीटर अगदी सावकाश घ्यायचा. तो गोल पाठीचा किस्सा इथेही लागू आहे.

शेवटी जाडी आणि लांबी. कापायचं कुठे? बुशची नळी आणि ब्रॅकेट यांच्या मधल्या फटीत, दोन्ही बाजूंना एकेक काप. त्या फटीत कार्बाइडचं १.३ मिलिमीटरचं ब्लेड शिरतं का, ते आधी बघायचं. शिरत नसेल तर ०.९ मिलिमीटरचं पातळ बायमेटल, १४ टीपीआय. ब्रॅकेटवर ओरखडा पडू द्यायचा नाही. एवढ्याशा खाचेपासून फटीग क्रॅक सुरू होतो, हे आपण मशीन डिझाइनला घोकलंय. लांबी सहा इंच पुरते. नऊ इंची ब्लेड लवतं आणि टोक आत कुठेतरी आपटतं.

हे सगळं कागदावर लिहून मी परत फाट्यावर गेले. बोहरी आळीतून दोन ब्लेड आणली होती, एक कार्बाइड आणि एक बायमेटल. आणि दोन गॉगल. पण सांगते ते ऐका : उरलेलं सगळं मला दादाने शिकवलं. मी थेट कापायला निघाले होते. तो म्हणाला, "थांबा, एकच बाजू उचललीय. बार आर्मला दाबतोय." अँटी-रोल बार! एक चाक लोंबकळत असलं की तो पिळलेला असतो, आणि बोल्ट तुटताक्षणी आर्म उसळतो. त्याने दोन्ही बाजू उचलून गाडी लोखंडी घोड्यांवर घेतली, आर्मखाली वेगळा जॅक लावला. शेवटच्या दोन मिलिमीटरला बोल्ट वाकून ब्लेड चिमटीत धरतो, तेव्हा जॅक जरासा वर करायचा, म्हणजे काप उघडतो. हे कुठल्या पुस्तकात आहे? मला तरी सापडलं नाही. दोन्ही काप मिळून पाच-सात मिनिटं लागली असतील. धूर नाही, आग नाही, आणि कुणाच्या डोळ्याला धक्का नाही.

नवीन बोल्ट बसवताना मात्र मी माझा हिशेब चुकता केला. टपरीवरच्या डब्यातून "त्याच साइजचा" बोल्ट आला होता. डोक्यावर ४.६. म्हणजे ४०० मेगापास्कल, मूळच्या निम्म्याहून कमी! तो परत पाठवला. १०.९ चाच मागवला, नळीत बसणाऱ्या भागाला ग्रीस लावलं, आट्यांना नाही (आटे बुळबुळीत झाले की टॉर्कचा हिशेब बदलतो), आणि गाडी चाकांवर उतरवून मगच शेवटचा टॉर्क दिला, म्हणजे रबर पिळलेलं राहत नाही. दादा म्हणाला, "हे बरंय, ताई." मला डिस्टिंक्शन मिळाल्यासारखं वाटलं.

आता माझं म्हणणं.

पहिलं : आपण 'जुगाड' या शब्दाच्या फार प्रेमात आहोत. फेस्टमध्ये त्यावर भाषणं ठोकतो. पण गॅरेजमध्ये जुगाडाची किंमत हेल्पर मोजतो, डोळ्याने आणि बोटांनी. गॅसकटर वाईट आहे असं मी म्हणत नाही. ट्रकच्या उघड्या चासिसवर, जवळ रबर किंवा इंधनाचा पाइप नसताना, त्याच्याइतकं वेगवान काही नाही. मशीन नसेल तर साधं हॅक्सॉ ब्लेड टोकाला चिंधी गुंडाळून हाताने चालवा, जास्त वेळ लागेल पण होईल. मुद्दा मशीनचा नाहीच. मुद्दा हा, की हात घालण्याआधी धातू कुठला, जाडी किती, जागा किती, हे तीन प्रश्न विचारायचे. ते न विचारता बोल्टला 'हट्टी' म्हणणं म्हणजे पेपर न वाचता 'पेपर अवघड होता' म्हणण्यासारखं!

दुसरं, आणि हे आपल्या स्टाफसाठी, हात जोडून : वर्कशॉप स्टोअरमध्ये ब्लेड 'ज्याचा रेट कमी त्याचं' या नियमाने येतात. एका कार्बाइड ब्लेडच्या पैशात साध्या ब्लेडचं पाकीट येतं, खरं आहे. पण कडक बोल्टवर ते पाकीट संपतं आणि बोल्ट तसाच राहतो, मग स्वस्त काय पडलं? एक विनंती आहे. भंगारातून चार जुने आर्म आणा. एक तास द्या. तीन प्रकारची ब्लेड, एकच बोल्ट. वेळ मोजा, घासलेले दात लेन्सखाली बघा, तक्ता करा. ज्याने हे एकदा केलं तो दोन मार्कांचं ते वाक्य जन्मात विसरणार नाही. आणि हो, प्रत्येक मशीनमागे दोन गॉगल. धरणाऱ्याला एक, बघणाऱ्याला एक.

तिसरं माझ्यासारख्यांना. ब्लेडच्या पाकिटावरची सगळी माहिती इंग्रजीत असते. मला ती वाचता येत होती आणि मी वाचली नाही. दादाला ती वाचता आली नसती, पण त्याने ब्लेड उजेडात धरून दात मोजले. त्याला हे समजावताना माझ्याकडे शब्द नव्हते. 'पिच', 'गलेट', 'चिप' म्हणत मी अडखळत होते, आणि तो सहज म्हणत होता : दात, खाच, चुरा. हा लेख मी त्याच्या शब्दांत लिहिलाय. यातलाच मजकूर एका पानावर मोठ्या अक्षरात मराठीत छापून, प्लास्टिकमध्ये घालून, लोणावळ्यापासून कामशेतपर्यंतच्या गॅरेजमध्ये लावायचा माझा विचार आहे. चार जण मिळालो तर दोन रविवारांचं काम आहे. येणार का कोणी? (नाश्ता माझ्याकडून, आईच्या हातचे पोहे.)

परवा पाहुण्यांना घेऊन लेण्यांवर गेले होते. चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. कातळाच्या पोटात पाऊस पोचत नाही, म्हणून लाकूड टिकलं, आणि खाली फाट्यावर पोलादी बोल्ट दहा-बारा वर्षांत गंजून जातो! समोरचा तो अख्खा डोंगर माणसांनी हातातल्या छिन्नीने कोरलाय, तोही आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट. "दगडच हट्टी आहे" म्हणून ती माणसं बसली असती तर आज तिथे काय दिसलं असतं?

तेव्हा पुढच्या वेळी बोल्ट निघाला नाही तर घण उचलण्याआधी ब्लेड उजेडात धरा आणि दात मोजा. आणि शेजारी टॉर्च घेऊन उभा असेल त्याच्या डोळ्यांवर काय आहे, ते आधी बघा.

बघा पटतंय का!